माझ्या पोटातली दोरी

मी एक जुनी कापडी गर्भपिशवी आहे. मित्रांनो, हसू नका आणि लाजूही नका. तुमच्यापैकी प्रत्येक जण आपल्या आईच्या पोटात अशाच एका पिशवीत नऊ महिने राहून आला आहे. ती खरी होती आणि मी शिवलेली आहे, एवढाच फरक. माझ्यात कधी बाळ वाढलं नाही. पण माझ्यावर हात ठेवून दोनशेच्या वर मुली बाळंतपणाचं काम शिकल्या, आणि याचा मला फार अभिमान होता.

मी बंगळूरच्या चामराजपेटेत एका लहानशा प्रसूतिगृहात राहते. बाळंतपणाच्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट आहे, त्यात माझी जागा. तिथून खोलीतलं सगळं दिसतं, म्हणून मी सांगणार आहे ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे असं समजा. आणखी एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. मी मत्सरी आहे. गेले काही महिने मी एका टॅबवर अशी जळते आहे की माझ्यातल्या कापसानं पेट कसा घेतला नाही याचंच नवल वाटतं. पण ते नंतर. आधी माझ्या जन्माचं ऐका.

वीस वर्षांपूर्वी मला विठोजींनी शिवलं. ते इथलेच शिंपी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात आहे. घरात मराठी बोलतात, पण निम्मे शब्द कानडी असतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. एका दुपारी त्यांची मोठी बहीण रत्नाबाई दुकानात आली. तिला सगळे अक्का म्हणत. मोठ्या सरकारी इस्पितळात तिने पुष्कळ वर्षं बाळंतपणं केली होती, आणि आता तिला या प्रसूतिगृहात नव्या मुलींना शिकवायचं होतं. तिने दोन्ही हातांनी हवेत एक आकार दाखवला.

"विठू, एवढी पिशवी शिव. मूल झाल्यावर बाईच्या पोटात असते तशी."

विठोजींचे कान लाल झाले. "अक्का, मी झंपर शिवणारा माणूस. हे कसं शिवू? गिऱ्हाईक विचारलं तर काय सांगू?"

"उशी म्हणून सांग. आणि स्वल्प जाड दोरा घे. मुली लई चोळणार हिला."

मग विठोजींनी झंपराच्या लाल अस्तराचं कापड घेतलं, गादीवाल्याकडून शेवरीचा कापूस आणला आणि तीन दिवस खपून मला शिवलं. माझी खरी करामत आत आहे. कापसाभोवती त्यांनी दोरीचं एक जाळं विणलं, आणि परकराची नाडी बाहेर काढतात तसं तिचं टोक माझ्या पाठीमागून बाहेर काढलं. दोरी सैल असली की मी भिजवलेल्या कणकेसारखी मऊ. दोरी ओढली की जाळं आवळतं आणि मी कच्च्या पेरूसारखी टणक होते. अक्काने दोरी ओढून पाहिली आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. तेव्हा विठोजींची तीन वर्षांची नात रक्षिता दुकानातच खेळत होती. मला ती खरंच उशी समजली. माझ्यावर गाल टेकून ती तासभर झोपली, आणि तिची लाळ माझ्या अस्तराला लागली. तो डाग अजून आहे. तो धुतला जाऊ नये असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता माझं काम काय ते सांगते. मूल जन्मतं, मग वार पडते. त्यानंतर आईच्या पोटातली पिशवी आकसून घट्ट व्हायला हवी. ती घट्ट झाली की आतल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. ती मऊच राहिली तर रक्त वाहत राहतं. धडधाकट बाई सकाळी हसत आत येते आणि दोन तासांत तिचा जीव जाऊ शकतो. म्हणून बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून पिशवी मऊ आहे की टणक हे ओळखायला शिकावं लागतं, आणि मऊ असली तर ती जोर लावून चोळावी लागते.

हे शिकवण्याची अक्काची एक रीत होती. प्रसूतिगृहातली आया अंबूबाई खाटेवर बाळंतीण होऊन निजायची. तिच्या पोटावर मला बांधायचं, वर चादर टाकायची. शिकणारी मुलगी चादरीखाली हात घालून मला चोळायची. अक्का खाटेच्या कडेला उभी राहायची आणि तिचा डावा हात चादरीखाली माझ्या दोरीवर असायचा. मुलगी घाबरत घाबरत चोळू लागली की अक्का म्हणायची, "जोर लाव गं, मेलीला काही होत नाही." अंबूबाई निजल्या निजल्या म्हणायची, "मला होतंय की." मग हशा पिकायचा. मुलीचा हात नीट बसला असं अक्काला वाटलं की ती दोरी ओढायची. मी टणक व्हायचे. मुलीचा चेहरा उजळायचा. "झाली अक्का, कडक झाली!"

तो आनंद मी दोनशे वेळा पाहिला आहे. घाम पुसत, हसत त्या मुली माझ्याकडे पाहायच्या तेव्हा मला वाटायचं, यांना मीच शिकवलं. आजवर एकाही मुलीला मी निराश केलं नव्हतं. कुणी थोडं कमी चोळलं, कुणी जास्त, पण शेवटी मी टणक झालेच. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायची. दुसऱ्या इस्पितळांतून सिस्टर्स मला बघायला यायच्या. दर गौरी-गणपतीला अंबूबाई कपाट पुसायची तेव्हा मलाही हळद-कुंकवाचं बोट लागायचं. इतका मान मिळाल्यावर कुणाच्याही डोक्यात हवा जाईल. माझ्या डोक्यात नाही गेली, कारण मला डोकं नाही, पण बाकी सगळीकडे गेली.

आणि मग ती आली.

प्रसूतिगृहाच्या डॉक्टर श्रीविद्या एका सोमवारी तिला पिशवीतून घेऊन आल्या. एचएसआर लेआउटमधली एक संस्था सुईणींना आणि नर्सना ऑनलाइन शिकवते. बाळंतपणानंतर रक्त जाऊ लागलं तर काय करायचं, याचे सहा आठवड्यांचे धडे होते आणि त्यासाठी ही टॅब होती. पिवळ्या रबराचं कव्हर, चकचकीत काच, कोपऱ्यात हिरवा दिवा. मी तिला पाहिलं आणि तिथूनच जळायला लागले.

तिचे काय लाड! तिच्यासाठी भिंतीत नवा सॉकेट बसवला. तिची काच पुसायला चष्म्याचं मऊ फडकं. तिला हात लावण्याआधी सगळ्यांनी हात कोरडे करायचे. मला मात्र वीस वर्षं ओल्या, साबण लागलेल्या, घामेजल्या हातांनी रगडलं होतं आणि कुणी फुंकरही घातली नव्हती. त्या आठवड्यात डॉक्टरांनी कपाट आवरलं, मधली फळी तिला दिली आणि मला खालच्या फळीवर हातमोज्यांच्या खोक्यामागे सरकवलं. खोक्याच्या कडेवरून मला खोली दिसत होती, एवढंच नशीब.

सगळ्यांत जास्त झोंबलं ते वेगळंच. त्या टॅबपुढे पहिली जाऊन बसली ती रक्षिता. हो, तीच, जिची लाळ माझ्या अस्तराला लागली होती ती. नर्सिंग पास होऊन ती नुकतीच इथे कामाला लागली होती. तिने माझ्यावर दोन-तीनदा सराव केला, मला चोळलं, मी टणक झाले, तिने हात धुतले. आणि मग रोज दुपारी जेवणानंतर ती त्या काचेला चिकटून बसायची. पडद्यावर संहिता मॅडम नावाच्या बाई कानडीत शिकवायच्या. रक्षिता वहीत लिहायची, मान डोलवायची, हसायची. वीस वर्षांत माझ्याकडे बघून कुणी वहीत काही लिहिलं नव्हतं.

त्या धड्यांत एक चित्रातली गर्भपिशवी होती. गुलाबी, गोंडस, गुळगुळीत. तिला दोरी लागत नव्हती. आपोआप मऊ व्हायची, आपोआप टणक व्हायची. कधी कधी मात्र ती कितीही चोळलं तरी टणकच होत नसे. मग पडद्यावर प्रश्न यायचा, आता काय कराल? मी खोक्यामागून हिणवून म्हणायचे, बघा, एवढा तोरा आणि साधं टणक होता येत नाही हिला.

अक्का माझ्या बाजूची होती. "काच पुसून हात शिकतो होय?" असं ती रक्षिताला म्हणायची आणि माझा जीव सुखावायचा. मध्येच नेट जायचं, संहिता मॅडम तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजून राहायच्या, तेव्हा तर मला उकळ्या फुटायच्या. मित्रांनो, मी मनात काय काय म्हटलं ते सांगायची लाज वाटते. हिची काच फुटो. हिचा दिवा विझो. एकदा हिचं शिकवणं खोटं ठरू दे आणि सगळ्यांना ते दिसू दे. असं मी रोज म्हणायचे.

धड्यांबरोबर संस्थेकडून एक नवी वस्तू आली. बाळंतिणीखाली पसरायचं प्लास्टिक. त्याला खाली एक पिशवी असते आणि तिच्यावर मापाच्या रेषा असतात. रक्त खाली उतरून त्या पिशवीत साठतं आणि किती गेलं ते रेषेवर कळतं. त्याआधी अक्का भिजलेले कपडे बघून अंदाज करायची. रक्षिताने ते प्लास्टिक सगळ्यांना उलगडून दाखवलं. अंबूबाईने बोट लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"पोरीला यावर निजवायचं? गार लागतं की गं अम्मा."

सहा आठवड्यांनी रक्षिता चांगल्या गुणांनी पास झाली. तिचं प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं, नेमकं माझ्या समोर. डॉक्टर म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात जुनं सामान बाहेर काढू. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, पण बोलताना त्या खालच्या फळीकडे पाहत होत्या. मी ते तीन दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी भव्या आली. बाजूच्या गल्लीत ती बालवाडी चालवते. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलंही इथेच, अक्काच्या हातून झालं होतं. कळांच्या मधल्या वेळात ती अंबूबाईला बालवाडीतल्या गमती सांगत होती. अकराच्या सुमाराला तिला मुलगा झाला. तो जोरात रडला. मूल होताच द्यायचं इंजेक्शन रक्षिताने दिलं, थोड्या वेळाने वार पडली. डॉक्टर श्रीविद्या दुसऱ्या एका पेशंटला पाहायला इंदिरानगरला गेल्या होत्या आणि परत यायला निघाल्या होत्या. सगळं सुरळीत होतं. अक्का बाळाला पुसत होती.

"किती गेलं गं?" अक्काने विचारलं.

रक्षिता वाकली आणि प्लास्टिकच्या पिशवीवरची रेषा तिने पाहिली. "दीडशे मिलीसुद्धा नाही अक्का. ठीक आहे." तिने तसं कागदावर लिहिलं. मग भव्याच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"अक्का, पोट मऊ लागतंय."

"रेषा ठीक आहे म्हणालीस की."

"रेषा ठीक आहे. पण हाताला बरोबर वाटत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय आलं असेल? मला आनंद झाला. रेषा टॅबची होती आणि हात माझा होता. त्या हाताला मऊ आणि टणक मी शिकवलं होतं. हरली एकदाची, असं मी खोक्यामागून म्हणत होते.

तेवढ्यात भव्या म्हणाली, "सिस्टर, थंडी वाजते मला. पाणी द्या ना थोडं." तिचा आवाज बारीक झाला होता. ओठ पांढरे पडले होते.

रक्षिताने चादर उचलली. भव्याखाली, त्या प्लास्टिकच्या वर, एक जुनी सुती साडी चौपदरी घडी करून घातलेली होती. ती पूर्ण भिजली होती. सगळं रक्त त्या साडीत मुरत होतं, खालच्या पिशवीत उतरतच नव्हतं. रेषा खरी होती आणि तरी काहीच सांगत नव्हती.

"ही साडी कुणी घातली?"

"मीच घातली," अंबूबाई म्हणाली. "गार लागलं तिला. म्हणून…"

माझा आनंद तिथेच आटला. समोर एका बाईचं रक्त जात होतं आणि मी कोण जिंकलं ते मोजत बसले होते. मला स्वतःची किळस आली.

रक्षिता चोळू लागली होती. अक्का पुढे आली. "बाजूला सर, मी बघते." अक्काचे हात वीस मुलींच्या हातांएवढे जोरकस आहेत. तिने पोटावर हात रोवला आणि गोल गोल चोळायला सुरुवात केली.

"अक्का, सलाईन लावते. औषध त्यात घालते."

"स्वल्प थांब गं. आधी चोळून बघू दे. होते कडक. नेहमी होते."

अक्का चोळत राहिली. एक मिनिट गेलं. पोट मऊच होतं. अक्काच्या कपाळावर घाम आला. "होईल, होईल," ती म्हणत होती. आणि मग मी ते पाहिलं. अक्काचा उजवा हात भव्याच्या पोटावर होता आणि तिचा डावा हात हळूच खाटेच्या कडेला, चादरीखाली गेला. तिथे तिची बोटं चाचपत होती. काय शोधताहेत ते तिला स्वतःला कळत नव्हतं. मला कळत होतं. ती माझी दोरी शोधत होती.

भव्याला दोरी नव्हती.

मित्रांनो, त्या एका क्षणात मला माझी सगळी वीस वर्षं उलटी दिसली. मी एकाही मुलीला निराश केलं नाही, म्हणून मिरवत होते. पण मी त्यांना काय शिकवलं होतं? नीट चोळलं की पिशवी टणक होतेच, थोडा धीर धरायचा. हेच मी दोनशे वेळा शिकवलं, आणि दोनशे वेळा खोटं शिकवलं. कारण मी कधी स्वतःहून टणक झालेच नव्हते. अक्का दोरी ओढत होती. दोरी ओढून ओढून अक्काही तेच शिकून बसली होती. ज्या चित्रातल्या पिशवीला मी हिणवत होते, तिने तरी रक्षिताला खरं सांगितलं होतं.

"अक्का, थांबायचं नाही," रक्षिता म्हणाली. ती मागे सरली नाही. "एकेक करून बघत बसलो तर वेळ जाईल. सगळं एकदम करायचं."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. या मुलीला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मी श्वास रोखून धरला असता, मला श्वास असता तर.

"सरी, बरं," अक्का म्हणाली. "तू सांगत जा. मी करते."

मग एकाच वेळी सगळं सुरू झालं. अक्काचा हात पोटावरून हलला नाही. रक्षिताने सलाईन लावलं. अंबूबाईने डोळे पुसले आणि फोन लावून रक्षिताच्या कानाशी धरला. रक्षिताने डॉक्टरांना सगळं सांगितलं, त्यांनी हो म्हणताच तिने पिशवी आवळणारं औषध आणि रक्त थांबवणारं औषध, दोन्ही दिलं. लघवीची पिशवी भरलेली होती, ती नळीने रिकामी केली. कुठे फाटलं आहे का ते पाहिलं, वार पूर्ण पडली आहे का ते पुन्हा पाहिलं. मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावून ठेवली. मधल्या फळीवर टॅबचा हिरवा दिवा चालू होता. तिच्याकडे कुणीही पाहिलं नाही. तिने जे द्यायचं ते रक्षिताच्या डोक्यात आधीच दिलेलं होतं.

"भव्या, झोपू नको गं," अक्का म्हणत होती. "बालवाडीतली मुलं सांग मला. नावं सांग."

भव्या नावं सांगू लागली. सहा-सात नावांनंतर ती अडखळली. अक्काने परत पहिल्यापासून सांगायला लावली. दुसऱ्यांदा ती नवव्या नावापर्यंत आली आणि अक्का एकदम थांबली.

"रक्षिता, हात ठेव इथे."

रक्षिताने हात ठेवला. तिचं तोंड रडवेलं झालं. "कडक," ती म्हणाली. "अक्का, कडक झाली." यावेळी कुणी हसलं नाही.

डॉक्टर धावतच आल्या. त्यांनी भव्याला तपासलं, पुढचं सगळं हातात घेतलं. साडी बाळांच्या काट्यावर घालून तोलली तेव्हा कळलं, अर्ध्या लिटरच्या दोन दूधपिशव्यांएवढं रक्त गेलं होतं. आणखी दहा मिनिटं नुसतं चोळत बसल्या असत्या तर भव्या हाती लागली नसती. अंबूबाई कोपऱ्यात बसून रडत होती. अक्का तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "साडी तू घातलीस. थांब मी म्हटलं. दोघींनी मिळून रडू."

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काने मला खोक्यामागून बाहेर काढलं. आता टाकून देणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला ते योग्यही वाटलं. तिने मला मांडीवर घेतलं. माझी दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. समोर विठोजी बसले होते. माझी एक शिवण उसवली होती म्हणून तिने त्यांना बोलावून घेतलं होतं. आता त्यांचे हात थरथरतात, पण सुई अजून सोडत नाहीत.

"अक्का, दोरी कुजलीय," ते म्हणाले. "काढून टाकू?"

अक्काने दोरी बोटावरून सोडली आणि मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "नको. नवी घाल. ओढायची की नाही ते मी बघते."

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. अक्का चष्मा लावून त्या टॅबपुढे जाऊन बसली. अडुसष्टाव्या वर्षी! एका बोटाने आपलं नाव टाईप करायला तिला पंधरा मिनिटं लागली. रक्षिता तिला शिकवत होती. मी फळीवरून बघत होते आणि माझा जळफळाट होत होता, कारण आता अक्कासुद्धा तिची झाली होती. मित्रांनो, एका दिवसात कुणी शहाणं होत नाही. मी तर मुळात कापसाची.

पण गेल्या शनिवारचं ऐका. पडद्यावर संहिता मॅडम होत्या आणि त्यांच्याबरोबर कुठल्या कुठल्या गावांतल्या सिस्टर्स छोट्या छोट्या चौकोनांतून बघत होत्या. रक्षिताने टॅब खाटेच्या पायथ्याशी उभी केली. अंबूबाई बाळंतीण होऊन निजली. खाली प्लास्टिक होतं. साडी नव्हती, तिच्या अंगावर मात्र रक्षिताने उबदार ब्लँकेट घातलं होतं. मला तिच्या पोटावर बांधलं. नवी आलेली रम्या नावाची मुलगी पुढे झाली. अक्का खाटेच्या कडेला उभी राहिली आणि तिचा डावा हात चादरीखाली माझ्या दोरीवर आला.

रम्या चोळू लागली. चांगली चोळत होती. हात अगदी जिथे हवा तिथे, जोरही बरोबर. तिच्या कपाळावर घाम आला. ती अक्काकडे पाहू लागली. आता दोरी ओढली जाणार, आता मी टणक होणार, आता हिचा चेहरा उजळणार, या सवयीने माझा कापूस न् कापूस तयार झाला. मला तसं व्हायचं होतं हो. त्या पोरीला निराश करणं माझ्या जिवावर आलं होतं.

अक्काने दोरीवरून हात काढून घेतला.

मी मऊच राहिले. रम्या आणखी चोळत राहिली. पडद्यावरच्या चौकोनांतून सगळ्या पुढे वाकून बघत होत्या. रम्याचे डोळे भरून आले. माझ्याच्याने पाहवेना, तरी मी मऊच राहिले. आणि मग तिने मान वर करून हाक मारली.

"अक्का, कडक होत नाहीये! सलाईन आणा, औषधं आणा, डॉक्टरांना फोन लावा! सगळं एकदम, बेगा, लवकर!"

"सरी," अक्का म्हणाली, आणि तिने रम्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आता मी मधल्या फळीवर परत आले आहे. त्या पिवळ्या कव्हराशेजारी. तिचा हिरवा दिवा रात्रंदिवस डोळ्यांत खुपतो, आणि ती मला अजून आवडत नाही. पण परवा नेट गेलं तेव्हा मी हसले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी बाळ आलं तर सगळे बाळाभोवती गोळा होतील. होऊ देत. तुम्ही तेवढ्यात आईकडे एकदा बघा. ती गप्प झाली असेल, तिला थंडी वाजत असेल, तर मोठ्यांना मोठ्याने हाक मारा आणि कुणी थांब म्हटलं तरी थांबू नका. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा, त्यांच्या शिवणी उसवल्या तर शिवून घ्या. पण त्यांना दोरी ओढून खूश ठेवू नका. वीस वर्षं मी सगळ्यांना पास केलं. रम्या ही पहिली मुलगी, जिला मी खरंच काही शिकवलं.